शटल त्याचे, शब्दही त्याचे

तीन वर्षांपूर्वीच्या दीपावलीतील गोष्ट. धाकट्या बंधूंच्या सांगली मार्केट यार्डातील अडत दुकानी वहीपूजन होते. हळद-बेदाण्याचे व्यापारी, दिवाणजी, शेजारचे दुकानदार अशी मंडळी जमली होती. एका वयोवृद्ध अडत्यांनी बंधूंच्या नऊ वर्षांच्या नातवाला जवळ बोलावून सहज विचारले, "काय बाळ, नाव काय तुझं?" मुलाचे ओठ मिटले, मान किंचित वर गेली, डोळे घट्ट झाले. नावाचे पहिले अक्षर ओठांपाशी येऊन अडकले. चार-पाच सेकंद गेले असतील. मला ते सहन झाले नाही आणि मीच त्याचे नाव सांगून टाकले. मंडळी हसली, पेढे वाटले गेले, विषय संपला. मुलगा मात्र गल्ल्यामागे जाऊन बसला, तो आरतीलाही बाहेर आला नाही.

आपण त्याला अडचणीतून सोडवले, अशीच त्या दिवशी माझी समजूत होती. ती किती चुकीची होती हे कळण्यासाठी मला बॅडमिंटनच्या कोर्टवर उभे राहावे लागले.

अडखळत बोलणाऱ्या मुलाच्या घरी जे घडते ते सारे आमच्याकडेही घडले होते. कोणी वेखंड तुपात उगाळून जिभेवर लावण्यास सांगितले, कोणी लहानपणी भीती बसली असेल म्हणाले, कोणी आईच्या लाडाला बोल लावला. त्यातच एका गोष्टीने घोटाळा वाढवला. पाठशाळेत सर्व मुलांबरोबर णमोकार मंत्र किंवा स्तोत्र म्हणताना हा मुलगा एकदाही अडखळत नसे. "तिथे नीट म्हणतो, म्हणजे घरी मुद्दाम करतो," असा निष्कर्ष घरातील मोठ्यांनी काढला. त्यात मीही होतो.

पुढे एका वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो, तेव्हा हा निष्कर्ष पहिल्याच भेटीत गळून पडला. समूहस्वरात म्हणताना, गाताना किंवा ठेक्यावर बोलताना बहुतेक तोतऱ्या व्यक्ती सहज बोलतात. तेथे बोलण्याची लय बाहेरून मिळते. एकट्याने, समोरच्याच्या डोळ्यांत पाहत बोलताना ती आतून साधावी लागते आणि अडचण नेमकी तेथेच असते. स्वतःचे नाव सांगणे तर अनेकांना सर्वांत अवघड जाते. अडखळणारा माणूस जड शब्द टाळून सोपा शब्द योजतो. नावाला मात्र पर्यायी शब्द नसतो.

बाईंनी आणखीही काही गोष्टी समजावल्या. शंभरातील सुमारे पाच मुले लहानपणी कधी ना कधी अडखळत बोलतात. दोन ते पाच वर्षांच्या वयात बहुधा याची सुरुवात होते. त्यांतील बहुसंख्य मुलांचे अडखळणे पुढे थांबते, पण मोठेपणीही शंभरातील साधारण एकाला ते राहते. मुलींपेक्षा मुलग्यांत ते अधिक आढळते. त्याचे मूळ मेंदूतील वाणीच्या नियंत्रणात व आनुवंशिकतेत आहे. बुद्धिमत्तेशी किंवा आईच्या वळणाशी त्याचा संबंध नाही. ताणाने अडखळणे वाढते, परंतु ताण हे त्याचे मूळ नव्हे.

उपचार सुरू झाले. पहिला ध्वनी जोर न लावता, हलकेच सुरू करणे, वाक्याचे लहान तुकडे करून मध्ये थांबणे, असा अभ्यास असे. पण मुलगा दहा मिनिटेही एका जागी लक्ष देत नसे. बोलण्याचा अभ्यास म्हटले की त्याचा चेहराच पडे. त्याला कोणता खेळ आवडतो, असे बाईंनी विचारले. गच्चीवर वडिलांची जुनी रॅकेट घेऊन तो भिंतीशी खेळतो, एवढे आम्हाला माहीत होते. बाई म्हणाल्या, "रोज खेळू द्या. खेळाने तोतरेपणा जाईल असे मी सांगणार नाही. पण लक्ष देण्याची सवय लागेल, अंग सैल होईल आणि घरातील माणसांबरोबर त्याचा रोजचा निवांत वेळ जाईल. बोलण्याचे काम आपण त्याला जोडून घेऊ."

सांगलीकरांना बॅडमिंटन परके नाही. 1956 साली मलेशियातील स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरलेले नंदू नाटेकर मूळचे सांगलीचेच. मीही नोकरीच्या काळात थोडेफार खेळलो होतो. तरीही घरात एक रास्त शंका निघाली. आमच्या अक्कांनी विचारले, "ते फूल कशाचं असतं?" चांगले शटल बदकाच्या किंवा हंसजातीच्या पक्ष्याच्या सोळा पिसांचे असते हे ऐकताच त्यांनी ते घरात आणू नये असे सांगितले. आम्ही नायलॉनचे शटल आणले. ते थोडे वेगळे उडते, पण शिकणाऱ्याला चालते आणि टिकतेही. सकाळी मंदिरातून आल्यावर, शाळेपूर्वीचा पाऊण तास आमचा ठरला.

या खेळात लक्ष द्या असे कोणाला सांगावे लागत नाही. समोरच्याच्या मनगटाकडे पाहावे लागते, शटल कोठे पडेल याचा अंदाज बांधावा लागतो, फटका मारून झाला की पुन्हा मध्यावर यावे लागते. मन जरा भरकटले की शटल जमिनीवर पडलेले असते. चूक उगाळत बसायलाही सवड नसते, कारण पुढची सर्व्हिस आलेली असते. लक्ष टिकवण्यात अडचण असलेल्या मुलांवर टेबल टेनिसच्या सरावाचा चांगला परिणाम दिसल्याचे अभ्यास तैवानसारख्या देशांत झाले आहेत. माझा अनुभव एका मुलापुरता आहे. काही महिन्यांनी तो बोलण्याच्या अभ्यासाला न कुरकुरता वीस मिनिटे बसू लागला, एवढे मी खात्रीने सांगतो.

बाईंनी गुण मोजण्याचाही उपयोग करून घेतला. सर्व्हिस करणाऱ्याने आधी मोठ्याने गुण सांगायचे: "तीन-दोन", "चार-दोन". दोनच शब्द, त्यांना आपोआप येणारा ठेका, आणि ते हातात शटल धरून, शांतपणे उभे राहून म्हणायचे. हळूहळू त्याचे वाक्य झाले: "सात-पाच, सर्व्हिस माझी." मात्र बाईंची एक सक्त ताकीद होती. कोर्टवर उच्चार सुधारायचा नाही, शाबासकीही उच्चाराला नव्हे, खेळाला द्यायची. नाहीतर खेळाचीही परीक्षा होईल.

मग ती सकाळ आली. दुहेरीचा खेळ होता. मी आणि मुलगा एका बाजूला, त्याचे वडील व आत्या दुसऱ्या बाजूला. त्याच्याकडे शटल आले की तो चुकेल या धास्तीने मी आडवा धावत जाऊन ते मारीत होतो. तीन-चारदा असे झाल्यावर त्याने रॅकेट खाली केली आणि माझ्याकडे पाहिले. "आजोबा, ते म... म... माझं होतं."

गुण आम्हाला मिळाला होता, तरी मी निरुत्तर झालो. दुहेरीचा साधा नियम मी मोडत होतो. जोडीदाराचे शटल हिसकावणारा माणूस कितीही चपळ असला, तरी जोडी मोडतो. वहीपूजनाच्या दिवशी मी हेच तर केले होते.

आणि केवळ त्याच दिवशी नव्हे. बँकेत काउंटरवर असताना एक तोतरे खातेदार येत. त्यांची वाक्ये मी पुरी करीत असे आणि त्याला सौजन्य समजत असे. एकदा त्यांच्या ठेवीची मुदत संपली होती. ते "मुदत..." म्हणून अडखळले आणि मी नूतनीकरणाचा अर्ज पुढे सरकवला. पुन्हा बोलण्याचे कष्ट नकोत म्हणून त्यांनी निमूटपणे सही केली. दुसऱ्या दिवशी ते पत्नीला घेऊन आले. घरात शस्त्रक्रिया होती, त्यांना रक्कम हवी होती. नोंदी दुरुस्त झाल्या, पण त्या गृहस्थांनी माझ्याकडे कसे पाहिले होते ते त्या सकाळी कोर्टवर मला आठवले.

व्यापारी घरांत हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण आपला सारा व्यवहारच बोलीवर चालतो. भाव चटकन सांगणारा मुलगा हुशार आणि अडखळणारा मागे राहिलेला, असे आपण न बोलता ठरवून टाकतो. भाषा समिती बोलणाऱ्याने हित, मित, प्रिय बोलावे असे शिकवते. ऐकणाऱ्यासाठी वचनगुप्तीही आहे. समोरचा बोलून संपेपर्यंत आपली जीभ आवरणे, हे तिचे रोजच्या संसारातील रूप मानावे. "हळू बोल", "श्वास घे", "पुन्हा म्हण" हे सल्ले हेतूने चांगले असले तरी मुलाला ते ओझेच होतात. आपणच सावकाश बोलावे, त्याच्या डोळ्यांकडे पाहावे आणि थांबावे. अडखळणे सहा महिन्यांहून अधिक टिकले, घराण्यात पूर्वी कोणाला असेल, किंवा मूल बोलणेच टाळू लागले, तर वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नये. मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था ही या विषयातील मोठी शासकीय केंद्रे आहेत.

मुलगा आता बारा वर्षांचा आहे. तो अजूनही अडखळतो, परीक्षेच्या दिवसांत अधिकच. पण दुकानात फोन वाजला की तो स्वतः उचलतो. पलीकडचा घाई करू लागला, तर "थांबा, सांगतो" म्हणतो आणि सांगतो.

गेल्या क्षमावाणीच्या दिवशी मी त्याच्यासमोर हात जोडले आणि त्या दीपावलीचे नाव काढून क्षमा मागितली. तो विसरला असेल असे मला वाटले होते. तो विसरला नव्हता. "आजोबा," तो म्हणाला आणि पुढच्या शब्दावर थांबला. चार दानांत अभयदान सांगितले आहे. ते देण्यासाठी कधी कधी नुसते गप्प उभे राहावे लागते. मी उभा राहिलो. त्याने आपले वाक्य आपणच पुरे केले.