कामतघरचा गावठी गुलाब

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून अंजूर फाट्याला उतरले की कामतघर जवळच. एका अंगाला वऱ्हाळा तलाव आणि सभोवार यंत्रमागांची खडखड. गल्लीत शिरले की कानांत आवाज आणि अंगावर रुई. अशा ठिकाणी फुलझाडाचे काय काम, असे कोणालाही वाटेल. पण वर्षावासातील ग्रंथवाचनाच्या निमित्ताने आम्ही वस्तीत घरोघर जातो, तेव्हा दारापुढे गोडेतेलाच्या डब्यात किंवा फुटक्या बादलीत एक झाड हमखास दिसते. तो गावठी गुलाब. रंग फिकट गुलाबी, पाकळ्यांची दाटी, आणि वास असा की दारावरून जाणाराही थबकावा.

बाजारातले लांब देठाचे गुलाब देखणे खरे, पण पुष्कळांना वासच नसतो. 1867 साली फ्रान्समध्ये 'ला फ्रान्स' हा गुलाब निघाला आणि नव्या संकरित जातींचे युग सुरू झाले. त्याआधीच्या घराण्यांना जुने गुलाब म्हणतात. नव्या जाती बहुधा रानटी गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून करतात. वरचे कलम मेले की खुंट फुटतो आणि पदरात नुसते काटे पडतात. काडीपासून लावलेला गावठी गुलाब स्वतःच्या मुळावर उभा असतो. उन्हाने वरचा भाग वाळला, तरी बुडातून फुटतो तो तोच गुलाब. स्वतःच्या मुळावर उभे राहण्याचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

मात्र गावठी म्हणजे शुद्ध, असे कोणी समजू नये. आपल्या देशात हारांसाठी आणि गुलकंदासाठी लावतात त्या जुन्या गुलाबांत 'एडवर्ड' ही एक जात आहे. तिचे मूळ हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर. त्याचे पूर्वीचे नाव बुर्बाँ. तेथील शेतकरी कुंपणाला दोन गुलाब लावत, एक दमास्कस घराण्याचा आणि दुसरा चीनचा. 1817 च्या सुमारास या दोहोंच्या मिश्रणातून उगवलेले रोप लोकांच्या नजरेस आले. एकाचा वास आला, दुसऱ्याचा पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण आला. भारतातील वंश जातिव्यवस्थेच्या कितीतरी आधी एकमेकांत मिसळले होते, हे बाबासाहेबांनी 1936 साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये सांगितले. रक्तशुद्धीच्या गप्पा मारणाऱ्याला हे झाड जरूर दाखवावे.

लावायला पैसा लागत नाही. पावसाळ्यात शेजारच्या झाडाची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी घ्यावी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा द्यावा, खालची पाने काढावीत आणि दोन डोळे मातीत जातील अशी ती रोवावी. डब्याच्या बुडाला भोके हवीतच. माती ओलसर ठेवावी, पण पाणी साचू देऊ नये. काडी उपटून मुळे पाहण्याचा मोह आवरावा. दीड-दोन महिन्यांत ती धरते. पुढे चार-पाच तास ऊन, थोडे जुने शेणखत आणि तांदूळ धुतलेले पाणी एवढ्यावर झाड राहते. पाऊस सरल्यावर हलकी छाटणी करावी. पानांवरची रुई सकाळी पाण्याने धुवावी. मागावरचा कचरा मात्र कुंडीत घालू नये. त्यात पॉलिस्टरचे तंतू असतात, ते कुजत नाहीत.

वंदनेतील पुष्पपूजेची गाथा आपण सारेच म्हणतो. तिच्यात रंग आणि गंध दोन्ही असलेल्या फुलाचा उल्लेख आहे, आणि ते फूल कोमेजते तसाच हा देहही, अशी आठवण आहे. गावठी गुलाब सकाळी उमलतो आणि दुसऱ्या दिवशी पाकळ्या सोडतो. दुकानातले टिकाऊ फूल ही शिकवण इतक्या लवकर देत नाही.

भाड्याची खोली सुटते, माग बंद पडतो, कुटुंब कल्याणला किंवा गावी जाते. डबा नेता आला नाही तरी एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून नेता येते. म्हणून विहारातल्या भगिनींना आमची विनंती आहे : आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की प्रत्येक घराने एक काडी रोवावी आणि एक शेजाऱ्याला द्यावी. आश्विन पौर्णिमेला ग्रंथसमाप्ती होईल तेव्हा तिला मुळे फुटलेली असतील.