पुढच्या चाकाचा धडा



लालबाग-परळच्या कुठल्याही शाळेच्या फाटकाशी सकाळी पाच मिनिटं उभे राहा. कितीतरी मुले आई-बाबांच्या बाईकवरून उतरताना दिसतील. चार वर्षांवरच्या मुलालाही कायद्याने हेल्मेट सक्तीचे आहे, हे आपण पालकसभेत सांगतो. पुढच्या चाकाबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

आमच्या नववीतल्या एका मुलाच्या बाबांनी पावसाळ्यानंतर बेअरिंग बदलून घेतले. चाक जड फिरू लागले. "नवीन आहे, होईल मोकळं," असं त्यांना सांगण्यात आलं. मुलगा म्हणाला, "बाबा, आधी हलकं होतं ना? मग मधे बदललं काय?" बघा, विज्ञानाचा खरा प्रश्न हाच! चाक उघडले तर दोन बेअरिंगांमधली नळीच गायब होती.

या नळीचे काम काय? ॲक्सलचा नट आवळला की त्याचा दाब बाहेरचा स्पेसर (मेकॅनिकचा 'बुश'), बेअरिंगचे आतले कडे आणि ही नळी यांतून सरळ पलीकडे जातो. नळी नसेल तर दोन्ही आतली कडी एकमेकांकडे ओढली जातात, गोळ्या आवळल्या जातात. चाक जड होते, बेअरिंग तापते आणि लवकर खराब होते. बाहेरचा स्पेसर राहिला तर चाक एका बाजूला सरकून घासते.

घरी असे तपासा. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागे कोणाला तरी दाबून धरायला सांगा म्हणजे पुढचे चाक उचलले जाईल.

१. चाक हाताने फिरवा. खरखर येते का?

२. टायर दोन्ही हातांनी धरून आडवा हलवा. खटखट झाली तर नट सैल आहे किंवा बेअरिंग गेले आहे.

३. नट सैल असताना चाक मोकळे आणि आवळल्यावर जड? मग नळी किंवा स्पेसर बघा. नट सैल-घट्ट करण्याचे काम मेकॅनिकलाच करू द्या.

४. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक प्लेटची खाच फोर्कच्या खुंटीत बसली आहे ना, हे बघाच. ती बसली नसेल तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम होऊ शकते. मागे मूल बसलेले असते, हे विसरू नका.

शिक्षकांनो, 'कृतीचा क्रम लिहा' हा घटक शिकवताना हे उदाहरण घ्या. सुटे भाग निघाले त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडायचे, मग उलट क्रमाने बसवायचे. गिरणगावातल्या कित्येक मुलांचे आजोबा गिरणीत साच्यांवर काम करायचे. क्रमाचे महत्त्व ते नातवंडांना आपल्यापेक्षा छान सांगतील. एखाद्या तासाला त्यांना वर्गात बोलवा.