शेगडी बिघडलेली नव्हतीच!

शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो,

आज एका जुन्या शेगडीची गोष्ट सांगते. हसू नका, ती शेवटी वर्गातच पोचणार आहे.

पुण्याच्या नातेवाइकांनी घर बदललं आणि त्यांची मोठी शेगडी विकायला काढली. वर गॅसचे चार बर्नर, खाली विजेचा ओव्हन. स्वस्तात मिळते म्हणून मी घेतली. ट्रॅव्हल्सने ती यवतमाळला आली, तिथून ऑटोने बाभुळगावला. एकाने येऊन नळी आणि सिलिंडर जोडून दिला. त्याने काही विचारलं नाही, मीही नाही.

पहिल्याच दिवशी ज्योत पिवळी, लांब, भांड्याच्या कडेने वर चढणारी. दोन दिवसांत सगळ्या पातेल्यांची बुडं काळी. मला वाटलं, जेटची भोकं तुंबली असतील. शिवणाची सुई घेतली आणि चारही जेट कोरून काढले. ज्योत आणखीच वाढली!

थंडीचे दिवस होते, स्वयंपाकघराची खिडकी बंद. सासूबाई सकाळी तिथेच शेकत बसायच्या. म्हणायच्या, "डोकं जड पडून राहिलं वं." मी म्हणायची, "थंडी बाधली असेल, आई." दोन आठवडे मी हेच उत्तर देत होते. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

शेवटी एका पालकांनी त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीला पाठवलं. त्याने ज्योत पाहिली आणि पहिला प्रश्न केला, "मॅडम, हे शेगडी कुठून आणली?"

"पुण्याहून."

"तिथं पाइपाचा गॅस होता का?"

"हो."

"मंग ते बिघडली नाई. ते दुसऱ्या गॅससाठी बसवेल हाय."

आधी खिडकी उघडा, असं सांगून त्याने सिलिंडर बंद केला. मग बर्नर काढून जेट माझ्या हातावर ठेवला. मोठ्या बर्नरच्या जेटवर ११५ असा बारीक आकडा कोरलेला होता, म्हणजे भोकाचा व्यास १.१५ मिलिमीटर. त्या जागी त्याने ८५ चा, म्हणजे ०.८५ मिलिमीटरचा जेट बसवला. चारही जेट बदलले, मंद ज्योतीचे स्क्रू जुळवले, नळी नवी टाकली आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. ज्योत निळी झाली.

याचं विज्ञान आपण शिकवतोच. पाइपचा गॅस मुख्यतः मिथेन असतो. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात. मिथेनच्या एका रेणूला पूर्ण जळायला ऑक्सिजनचे २ रेणू लागतात, प्रोपेनला ५, ब्युटेनला साडेसहा. शिवाय सिलिंडरचा गॅस शेगडीला थोड्या जास्त दाबाने मिळतो. मिथेनसाठीच्या मोठ्या भोकातून तो सोडला तर गॅस भरपूर आणि हवा अपुरी. मग अर्धवट ज्वलन, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड. या विषारी वायूला ना रंग, ना वास. सुईने कोरून मी भोक आणखी मोठं केलं होतं! सासूबाईंचं डोकं त्यामुळेच दुखत होतं की नाही, हे डॉक्टरांकडे तेव्हा गेलो नाही म्हणून सांगता येत नाही. पण जेट बदलले, खिडकी उघडी ठेवली आणि त्यांची तक्रार थांबली.

ओव्हनचीही तीच कथा. तो २००० वॉटचा. २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर वीज ओढणारा. मी त्याची मोठी तीन पिनांची पिन दोन पिनांच्या ॲडॉप्टरमधून साध्या ६ अँपिअरच्या बोर्डात घातली होती. अर्थिंगच नाही! पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या, आणि मी म्हणायची, "जुना आहे, चालायचंच." आता इलेक्ट्रिशियनकडून १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि अर्थिंग करून घेतलं आहे.

काढलेले जेट मी वर्गात नेले. भिंगातून आकडे वाचले, मुलांनी गणित केलं. व्यास दीडपटही नाही, पण भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ १.८ पट निघालं. सगळे चकित. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, आमच्या गोबरगॅसच्या शेगडीचं भोक तं याच्याहून मोठं हाय."

हा मुलगा विज्ञानाच्या तासाला कधी बोलत नव्हता. खरं सांगू? मी त्याला विचारणंच सोडलं होतं. त्याला उभं केलं. तो सांगत गेला, शेण किती लागतं, थंडीत गॅस कसा कमी पडतो, त्याचे बाबा शेगडी कशी साफ करतात. बाकी वर्ग ऐकत राहिला. मी फक्त 'का' जोडलं. गोबरगॅसमध्ये मिथेन साधारण ६० टक्के, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, तो जळत नाही. दाबही कमी. म्हणून तेवढीच उष्णता मिळवायला भोक मोठं लागतं.

घरी येताना मिस्त्रीचा प्रश्न डोक्यात घोळत होता. त्याने "काय बिघडलं?" असं विचारलं नाही, "कुठून आणली?" असं विचारलं. त्या मुलाला वर्षभरात हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

पालकहो, जुनी शेगडी घेत असाल तर एवढं नक्की करा:

• आधी ती कोणत्या गॅसवर चालत होती ते विचारा. जेट बदलणं जाणकाराचं काम आहे. सुई, ड्रिल अजिबात नको.
• ज्योत पिवळी दिसली, भांडी काळी झाली, तर शेगडी बंद करा आणि खिडकी उघडा.
• सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. वरच्या झरोक्यावर विसंबू नका, खाली दारही उघडं हवं.
• गळती वाटली तर विजेचं बटण चालू किंवा बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा.
• नळीवरची मुदत वाचा. ओव्हनला तीन पिनांचा १६ अँपिअरचा पॉइंटच द्या.

आणि शिक्षक मित्रांनो, ते चार जुने जेट आता आमच्या विज्ञान पेटीत आहेत. तुमच्या गावातल्या मिस्त्रीकडेही असे जुने जेट पडलेले असतील. मागून आणा. मागच्या बाकावर कोण बोलतं, ते पाहा.