जस्त, संत्री वगैरे

१.
नागपूरजवळच्या कळमेश्वरच्या एमआयडीसीत पोलादी पत्र्यावर जस्त चढवतात. पत्रा वितळलेल्या जस्तात बुडवून काढायचा. त्यासाठी ४२० अंशांच्या वर तापवावं लागतं. पुरुषाच्या मऊ अवयवांत सर्वांत जास्त जस्त प्रोस्टेटमध्ये असतं. तिथे भट्टी नाही.

२.
प्रोस्टेटच्या पेशींत हेच जस्त सायट्रिक आम्लाला पुढे जळू देत नाही. बाकी शरीर ते इंधन म्हणून वापरून टाकतं. इथे ते साठतं आणि वीर्यात उतरतं. वीर्यातली साखर शुक्राशय नावाच्या दोन ग्रंथींची, आणि ती साखर म्हणजे फ्रुक्टोज. गावाबाहेर पडलं की संत्र्याच्या बागा लागतात. आम्ल तेच, साखरेत फ्रुक्टोज तिथेही.

३.
बागवान संत्र्याला ताण देतो. पाणी तोडलं की झाड घाबरतं, मग बहार येतो. आंबिया नाहीतर मृग. वृषणाला ना ताण, ना बहार. वयात आल्यापासून रोज कोट्यवधी शुक्रपेशी, आणि म्हातारपणीही काम पुरतं बंद नाही. मात्र एक खेप तयार व्हायला साधारण ७४ दिवस. पुढे अधिवृषणातून सरकायला आठवडा-दोन आठवडे. अधिवृषण म्हणजे सुमारे सहा मीटर लांबीची एकच नळी, वेटोळी करून बोटाएवढ्या जागेत बसवलेली. मे महिन्यात जोराचा ताप आला तर त्याचा हिशेब जून-जुलैच्या वीर्यतपासणीच्या रिपोर्टात निघतो. तोवर ताप आल्याचं घरात कोणाला आठवत नाही.

४.
वृषणं शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड लागतात, म्हणून ती बाहेर. आत जाणारं रक्त गरम, परतणारं गार. परतणाऱ्या शिरांचं जाळं धमनीला लपेटलेलं असतं आणि उष्णता वाटेतच उतरवून घेतं. आपल्या खिडकीतल्या कूलरला हे अजून जमलेलं नाही. बाहेरच ४५ अंश असतील तेव्हा सगळी भिस्त घामावर.

५.
गर्भात वृषणं मूत्रपिंडांच्या शेजारी तयार होतात, मग खाली उतरतात. मज्जातंतूंनी जुना शेजार सोडलेला नाही. मुतखडा वर, कळ खाली.

६.
दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये आकृती आहे. वृषण, अधिवृषण, शुक्रवाहिनी, शुक्राशय, पुरस्थ ग्रंथी (प्रोस्टेट), काऊपर्स ग्रंथी. नावं द्या म्हटलं की सगळी पोरं बरोबर लिहितात. तोंडी विचारलं की वर्गात खोकला सुरू होतो.

७.
नागपूर जिल्हा हत्तीरोगाच्या पट्ट्यातला. पाय सुजला की दिसतो, लोक हळहळतात. पाय सुजवणारा तोच जंत पुरुषाच्या वृषणकोशात पाणी भरतो. ते धोतरात झाकलं जातं, नाहीतर थट्टेचा विषय होतो. या जंताची पिल्लं रात्रीच रक्तात फिरतात, कारण त्यांना नेणारा डासही रात्रीच चावतो. म्हणून रक्ताचा नमुना घ्यायला आरोग्य कर्मचारी रात्री दार वाजवतात. अंडवृद्धीचं ऑपरेशन साधं असतं. माणूस दवाखान्यात यायला मात्र वर्षं जातात.

८.
नागपुरात बायकांसाठी डागा रुग्णालय. पुरुषांसाठी मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं, आणि रेल्वेलगतच्या भिंतींवर रंगवलेले मोबाईल नंबर.

९.
त्या भिंतींचा सगळा धंदा ‘धातू जाते’ या भीतीवर चालतो. १९६० साली डॉ. एन. एन. विग यांनी या भीतीला मानसोपचारात नाव दिलं: धात सिंड्रोम. वीर्याच्या एका थेंबासाठी रक्ताचे चाळीस थेंब लागतात म्हणे. प्रत्यक्षात वीर्याचा मोठा हिस्सा, साठ-सत्तर टक्के, शुक्राशयांचा द्रव. वीस-तीस टक्के प्रोस्टेटचा. शुक्रपेशी जेमतेम दोन ते पाच टक्के. रक्ताशी देणंघेणं नाही.

१०.
नसबंदीत फक्त ते दोन-पाच टक्के अडतात. पुरुषाचं संप्रेरक शुक्रवाहिनीतून जातच नाही, थेट रक्तात मिसळतं. दाढी, आवाज, जोर, सगळं जागच्या जागी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३.

११.
र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं १९२१ साली. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने मंजूर केलं १९७६ साली. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून कायदा झाला नाही. पंचावन्न वर्षांत समजावणं संपलं होतं.

१२.
गोऱ्हा खच्ची करायला बर्डिझोचा चिमटा. कातडी फाटत नाही, रक्त येत नाही. आतली दोरी चिरडली जाते, रक्तपुरवठा तुटतो, काही आठवड्यांत वृषण सुकतं. पोराच्या वृषणाला आतल्या आत पीळ पडला तर हेच होतं, चिमट्याशिवाय, आणि आठवडे लागत नाहीत. साधारण सहा तासांत पीळ सोडवला तर वृषण बहुतेक वाचतं. कळमेश्वरहून मेडिकल तासाभरावर. उरलेले पाच तास पोरगं आईला सांगू की नको या विचारात घालवतं.

१३.
पोळा. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, तोरणाखाली रांग. पूजा होते ती बहुतेक खच्ची केलेल्यांची. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, चाकावरचे लाकडी बैल. सुताराने वशिंड झकास काढलेलं असतं, डोळे तर बोलतात. पोटाखाली रंधा सरळ फिरवलेला.

१४.
दवाखाना. कंपाउंडर विचारतो, “काका, रात्री लघवीला किती वेळा उठता?”
“उठतो म्हंजे? झोपतोच कुठं जी.”

१५.
पुस्तकात प्रोस्टेट अक्रोडाएवढी म्हटली आहे. चाळिशीनंतर ती वाढत जाते. मूत्रनळी तिच्या मधोमध जाते. ही रचना ज्याने केली त्याने म्हातारपणी एसटीने प्रवास केलेला नसावा.

१६.
कृत्रिम रेतनाची कांडी द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांत. एका कांडीत सुमारे दोन कोटी शुक्रपेशी. वळूची आधी तपासणी होते: रोग, वंशावळ, आईचं दूध, वीर्याची हालचाल. नापास झाला तर त्याची कांडी भरत नाहीत.

१७.
लग्नाला चार वर्षं, मूल नाही. सुनेची सोनोग्राफी झाली, रक्त झालं, नळ्यांचा एक्सरे झाला, नवस झाला. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत कारण, निदान काही अंशी, पुरुषाकडे असतं. त्याची तपासणी सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत शेवटी.

१८.
वीर्याचा नमुना तासाभराच्या आत लॅबमध्ये पोचायला हवा, आणि अंगाच्या उबेत. लॅबच्या संडासात जमत नसेल तर घरून आणा, डबी शर्टाच्या आत धरा, असं सांगतात. कळमेश्वरहून मोटरसायकलने, काटोल नाक्यावर गर्दी नसेल तर पोचतो.