आधी एंडिंग

गेल्या फाल्गुनात, ऊसतोडीच्या टोळ्या परतीच्या वाटेला लागल्या होत्या त्या दिवसांत, आमच्या बँडमास्तरांचा मुलगा काळ्या रेक्झिनची एक पिशवी घेऊन भरदुपारी माझ्याकडे आला, पिशवी टेबलावर ठेवली, आणि "काका, याचं कोणी काही देईल का, बघा," एवढे बोलून खाली मान घालून बसला. पिशवीची चेन ओढल्याबरोबर बाहेर आला तो गुलालाचा वास. वरातीपुढे चालण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या वाद्यांना हा वास कायमचा बिलगतो; कळांच्या फटींत, पडद्याच्या कडेला, सेलच्या झाकणाच्या खोबणीत तो गुलाबी थर बसून राहतो, आणि ओल्या फडक्याने पुसू जावे तो अधिकच आत शिरतो. मास्तर जाऊन वर्ष उलटले होते. घरच्या माणसांसमोर जे आले नव्हते ते त्या वासाने माझ्या डोळ्यांत आणले.

यंत्र यामाहाचे होते. क्यूवाय-७०, १९९७ साली बाजारात आलेले. व्हिडिओ कॅसेटच्या आकाराच्या त्या पेटीत सोळा ट्रॅकचा सीक्वेन्सर, पाचशेहून अधिक टोन, वीस ड्रमकिट आणि बोटाच्या पेराएवढ्या इवल्या कळांची दोन सप्तके सामावलेली असत, आणि हा सारा संसार पेन्सिल सेलांवर चाले. मामलेदार कचेरीत दिवसभर फेरफारांच्या नोंदी आणि अर्जांचे तगादे उरकून मी संध्याकाळी मुळेच्या उजव्या कालव्याकाठच्या मास्तरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये हजर होई, तेव्हा ते पायरीवर बसून ही पेटी मांडीवर घेऊन काहीतरी बसवीत असत. क्लॅरिनेटवाला बाजूला ओठ ओले करीत उभा, ऑक्टोपॅडवाला आपले आठ पॅड पुसत बसलेला, आणि मास्तर चष्मा कपाळावर चढवून त्या दोन बोटांच्या पडद्याकडे पाहत आहेत, हे दृश्य माझ्या मनातून हलत नाही. त्या यंत्रात प्रत्येक ठेक्याचे सहा विभाग असत: इंट्रो, दोन मुख्य भाग, त्यांना जोडणारे दोन फिल आणि एंडिंग. कोणीही माणूस इंट्रोपासून आरंभ करील. मास्तर करीत नसत. नवे गाणे हाती घेतले की माझ्याकडे न पाहताच ते म्हणत, "भाऊसाहेब, आधी एंडिंग. बाकीचं मग."

याचे कारण पुढे वरातीतच कळले. वरातीचे गाणे गाण्याच्या मर्जीने संपत नाही. नवरदेव मांडवाच्या दारात उतरला, मामाने हात धरला, आणि गुरुजींनी मुहूर्ताची घाई आरंभिली की त्या क्षणी वाद्यवृंदाला थांबावे लागते. मग अंतरा अर्धा झालेला असो, की नाचणाऱ्या पोरांनी मास्तरांच्या खिशाला नोटा लावलेल्या असोत. त्या क्षणी जो वाजता वाजता तुटतो त्याला गावाकडची माणसेही कच्चा म्हणतात. म्हणून गाण्याच्या कोणत्याही मात्रेवरून जेथे उडी घेता येईल असा शेवट हाताशी तयार असणे ही मास्तरांच्या धंद्याची पहिली अट होती. त्यांचा उजवा हात वर गेला की ढोल, पॅड, ट्रम्पेट आणि गुलालाने माखलेली ती पेटी ही सर्व मंडळी एका तिहाईत येऊन समेवर एकत्र उभी राहत, आणि त्यानंतरच्या शांततेत मंगलाष्टकांचा पहिला स्वर ऐकू येई. मला त्या शांततेचे विलक्षण कौतुक वाटे.

सेवानिवृत्तीनंतर माझ्या संग्रहातील काही रचना पूर्णत्वास न्याव्यात असे मनाने घेतले, आणि त्यासाठी संगणकाविना स्वतंत्रपणे चालणारे एखादे यंत्र घ्यावे, असा निश्चय केला. संगणकाविषयी माझ्या मनात एक जुनी अढी आहे, ती येथे सांगून टाकतो. मास्तरांनी खंडोबाच्या यात्रेसाठी एक गाणे बसविले होते. संबळाच्या बोलांची चाल त्यांनी त्या इवल्या कळांवर बोटाने वाजवून भरली होती, आणि तिच्यात दुसरा ठोका किंचित मागे रेंगाळत असे, जसा तो गोंधळ्याच्या हातून रेंगाळतो. ते गाणे नगरच्या एका ध्वनिमुद्रणगृहात नेले. तेथील तरुणाने ते संगणकावर उतरविले, एक कळ दाबली, आणि सारे ठोके जाळीच्या रेघांवर ओळीने उभे केले. "आता टाइट झालं," तो म्हणाला. मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी पैसे चुकते केले आणि परतीच्या एस.टी.त वांबोरी फाटा येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. ते गाणे बँडने पुढे कधी वाजविले नाही.

ज्या रेंगाळण्याचा त्या दिवशी बळी गेला त्याची किंमत एका अमेरिकी यंत्रकाराला पुरेपूर ठाऊक होती. रॉजर लिन याने अकाई कंपनीसाठी एमपीसी-६० हे यंत्र रचले, ते १९८८ साली विक्रीस आले. सोळा मऊ पॅड, अवघ्या तेरा सेकंदांचा नमुना धरून ठेवणारी स्मृती, आणि एका मात्रेचे शहाण्णव भाग करणारा सीक्वेन्सर. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत असा एक भाग सेकंदाच्या पाच सहस्रांशांहून थोडा मोठा भरतो. त्याने एक योजना अशी केली की, मात्रेच्या चार भागांतील दुसरा आणि चौथा ठोका किती मागे सारावा याचे प्रमाण वाजविणाऱ्याने स्वतः ठरवावे. पन्नास टक्के म्हणजे सरळ चाल. सहासष्टाच्या आसपास ती तिश्राच्या अंगाने झुलू लागते. या दोन टोकांच्या मधल्या अंकांत आमच्या ढोलकीचा निम्मा स्वभाव दडलेला आहे. मास्तरांचे गाणे ज्याने सरळ केले त्याच्या संगणकातही हे प्रमाण होतेच. त्याला ते शोधावेसे वाटले नाही, एवढेच माझे गाऱ्हाणे.

यंत्रे पाहू लागलो तेव्हा निराळीच अडचण समोर उभी राहिली. या पेट्या बहुधा आवर्तनात वाजतात. चार किंवा आठ मात्रागटांचा एक तुकडा भरावा, तो अखंड फिरत राहतो, त्यावर दुसरा थर चढवावा, तिसरा चढवावा. रात्र सरते आणि तुकडा अधिकाधिक देखणा होत जातो, पण त्याचे गाणे होत नाही. गाण्याला आधी काय, नंतर काय, किती वेळा आणि कोठे थांबायचे यांचा फैसला लागतो. हे फैसले करणारा माणूस आपल्या चित्रपटसंगीतात फार काळ पडद्याआड राहिला. शंकर-जयकिशन यांच्या मागे सेबॅस्टियन डिसोझा होते. माजोर्ड्याहून मुंबईला गेलेले अँथनी गोन्साल्विस होते. मराठीत अनिल मोहिले, श्यामराव कांबळे होते. चाल दुसऱ्याची असे. मुखड्यानंतर व्हायोलिन किती वेळ वाजावीत, अंतऱ्यापूर्वी बासरीला किती अवकाश द्यावा, हे ही माणसे कागदावर लिहीत, आणि तबकडीवर त्यांचे नाव क्वचितच येई.

चरणजितसिंग यांचे उदाहरण मला राहून राहून आठवते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजविणाऱ्या मुंबईच्या या कलावंताने १९८२ साली रोलँडची तीन यंत्रे, ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८, एकत्र जोडली आणि भैरव, ललित, तोडी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर एका तबकडीत वाजविले. टीबी-३०३ ही पेटी एकट्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून केलेली होती आणि त्या कामी ती अपयशी ठरली; शिकागोच्या तरुणांनी पुढे १९८७ च्या सुमारास तिच्यातून ॲसिड हाउस नावाचे संगीत काढले, तेव्हा मुंबईतील ही तबकडी पाच वर्षांची जुनी आणि विस्मृत झालेली होती. एका डच संग्राहकाच्या हाती ती लागली आणि २०१० साली पुन्हा प्रसिद्ध झाली. २०१५ साली चरणजितसिंग निवर्तले. त्यांच्या नवेपणाची सर्वजण वाहवा करतात. माझे लक्ष मात्र त्यांनी प्रत्येक राग सुमारे पाच मिनिटांत मिटविला याकडे जाते. जी यंत्रे जन्मभर फिरत राहायला तयार होती त्यांना त्यांनी दहा वेळा थांबविले. ही थोर गोष्ट आहे.

शेवटाचा विचार आला की राहुरी तालुक्यातला माणूस ताहाराबादेला गेल्यावाचून राहत नाही. संतचरित्रकार महिपती तेथले कुलकर्णी होते. परंपरा सांगते की, पूजेत बसले असताना जहागीरदाराच्या शिपायाने त्यांना कचेरीच्या कामासाठी ताबडतोब चलण्याचा हुकूम ऐकविला. महिपतींनी पूजा आटोपली, जाऊन काम केले, आणि घरी परतल्यावर कानावरची लेखणी विठ्ठलापुढे ठेवून ती पुन्हा सरकारी दप्तराला लावणार नाही अशी शपथ घेतली. त्याच लेखणीने त्यांनी १७६२ साली 'भक्तविजय' आणि १७७४ साली 'भक्तलीलामृत' सिद्धीस नेले. कचेरीत जन्म घालविलेल्या माझ्यासारख्याला ही कथा फार जवळची वाटते. पण 'संतविजय' अपुरा राहिला. १७९० साली महिपतींनी देह ठेवला. एवढे मोठे ग्रंथ कलशाध्यायापर्यंत पोहोचविणाऱ्या त्या पुरुषाचाही एक ग्रंथ अर्ध्या वाटेवर थांबला, हे मनात आले की मला ताहाराबादच्या त्या वाड्यातला शेवटचा कोरा कागद दिसू लागतो, आणि यंत्रांची तुलना करणे त्या दिवसापुरते थांबते.

ती तुलना अखेर अशी झाली. स्वीडनच्या इलेक्ट्रॉन कंपनीचा ऑक्टाट्रॅक मी एका मित्राकडे पुण्यात हाताळला. त्यात आठ ध्वनिट्रॅक आहेत आणि गाण्याचा अनुक्रम लावण्यासाठी अरेंजर हा स्वतंत्र भाग आहे, पण त्याला भिंतीतली वीज लागते आणि आमच्याकडे विजेचा भरवसा नाही. न्यूझीलंडच्या डेल्यूजमध्ये बॅटरी आहे, आणि सारे गाणे चौकटींच्या पटावर डावीकडून उजवीकडे पसरून पाहण्याची सोयही आहे. ते मला मनापासून आवडले, परंतु इतक्या दूरचे यंत्र जकात भरून आणावे आणि बिघडल्यास तितक्याच दूर पाठवावे, हे माझ्या पेन्शनीला मानवणारे नव्हते. एबलटनचे मूव्ह हाताला हलके आणि मनाला प्रसन्न, पण चार ट्रॅकांचे तुकडे त्यात करावेत आणि गाणे मात्र संगणकावर पुरे करावे, अशी त्याची रचना. म्हणजे जेथून निघालो त्याच दारात परत. शेवटी अकाईचा एमपीसी लाइव्ह घेतला, जुनाच, मुंबईहून. २०१७ चे हे यंत्र बॅटरीवर काही तास चालते, मी स्वतः वाजविलेल्या ढोलकीचा आणि संबळाचा आवाज आत घेते, लिनचा तो झोल त्यात अजून आहे, आणि साँग नावाच्या भागात प्रत्येक ओळीवर एकेक तुकडा आणि त्याच्या फेऱ्या लिहून सारे गाणे एका दमात बाहेर उतरविता येते. पेटीबरोबर मास्तरांच्या मुलाने एक वहीही आणली होती. तिच्यातही हीच मांडणी सापडली. डाव्या हाताला "इं ४, मु २, म्यु १, अं १, मु १", आणि प्रत्येक पानाच्या अगदी वर, बाकी काही लिहिण्यापूर्वी, लाल शाईने एंडिंगचे स्वर.

माझी पहिली रचना त्या वहीतल्याच खंडोबाच्या गाण्याची आहे. वहीत तिचा अनुक्रम होता, एंडिंग होते. पण संबळाचे ते रेंगाळणे कोणत्याही कागदावर लिहिता येत नाही, ते मास्तरांच्या यंत्रात होते. मी सेल घालून यंत्र चालू केले. पडदा उजळला, आतली बॅटरी संपल्याची सूचना आली, आणि गाण्यांच्या सर्व जागा रिकाम्या निघाल्या.

ज्यांच्या घरी वडिलांची, काकांची, मास्तरांची अशी यंत्रे फडताळात पडली आहेत त्यांना म्हणून माझी विनंती आहे. या जुन्या सीक्वेन्सरांतील गाणी आतल्या एका लहानशा बॅटरीच्या बळावर टिकलेली असतात, आणि ती बॅटरी संपली किंवा काढली की पुसली जातात. बाहेरचे सेल त्यांना परत आणीत नाहीत. यंत्र विकण्यापूर्वी किंवा दुरुस्तीला देण्यापूर्वी ते एकदा चालू करून पाहा. गाणी दिसली तर जाणकाराकडून मिडीच्या वायरीने ती संगणकावर उतरवून घ्या. जाणकार मिळाला नाही तर हेडफोनच्या जागी वायर लावून एकेक गाणे आरंभापासून एंडिंगपर्यंत मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. फ्लॉपी असतील तर त्यांना बुरशी लागण्याच्या आत त्यांच्याही नकला काढून घ्या. बॅटरी बदलायचे काम त्यानंतर.