पांढुर्ण्याहून सौंसरला : एका करवतीची खरेदी

नागपूरहून भोपाळ-दिल्लीकडे रेल्वेने जाणाऱ्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ‘पांढुर्णा’ हे नाव फलाटावरील पाटीवर वाचलेले असेल. गाडी क्षणभर टेकते आणि पुढे सातपुड्याचा चढ चढू लागते. त्या पाटीमागे एक मराठी मुलूख पसरलेला आहे, याची कल्पना मात्र थोड्यांनाच असते. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पांढुर्णा व सौंसर हा संत्र्या-कपाशीचा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. 2023 च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यापासून वेगळे होऊन या दोन तहसिलींचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. कचेरीचे कागद हिंदीत. पण बैलांना हाक, लेकरांना रागावणे आणि बाजारातली घासाघीस अजून मराठीतच चालते.

आमचा जन्म याच मुलखात, सौंसर तहसिलीतील एका खेड्यात झाला. नोकरीने आम्हांला घाटाच्या वर, बैतूल जिल्ह्यात नेले. गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही पांढुर्ण्यास उतरलो ते दोन कामे घेऊन. जानेवारीत आमच्या शाळेच्या स्काउट पथकाचे तीन दिवसांचे शिबिर होते आणि त्यासाठी जळण फोडायचे काही साधन हवे होते. मागील वर्षी एका मुलाच्या हातून कुऱ्हाड निसटली आणि त्याच्याच पायाला चाटून गेली; जखम थोडक्यात भागली, तरी ती रात्र आम्ही जागून काढली होती. दुसरे काम थोरल्या बंधूंचे. त्यांचा निरोप होता, “येताना एक साखळीची करवत पाहून ये. पेट्रोलवाली. बागेत काम आहे.”

बंधूंचे वय सदुसष्ट. मुलगा पुण्यास नोकरीला. बागेत गडी मिळत नाहीत म्हणून गेल्या वर्षी ते स्वतःच शिडीवर चढले, कुऱ्हाडीचा घाव घालताना तोल गेला आणि मनगट मोडून घेतले. त्यांच्या हाती पेट्रोलची करवत, ही कल्पनाच आम्हांला रुचली नाही. पण वडील भावाला फोनवर नाही म्हणण्याची आमच्या घरात रीत नाही.

पांढुर्ण्यास कुऱ्हाडीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरून एकमेकांवर दगडांचा वर्षाव होतो. हीच ती गोटमार. दगडांच्या माऱ्यात पात्रात शिरून ते झाड कुऱ्हाडीने तोडायचे आणि चंडीमातेच्या देवळात न्यायचे, यासाठी माणसे डोकी फोडून घेतात, क्वचित जीवही गमावतात. अशा गावात आम्ही शेती-अवजारांच्या दुकानी जाऊन “साखळी-करवत दाखवा” म्हणालो. दुकानदार क्षणभर थांबला आणि म्हणाला, “चेन सॉ म्हना ना, गुरुजी!” मराठीत एम.ए. केल्याचा उपयोग तेथेच संपला.

त्याने जे यंत्र काढून ठेवले ते पाहून आम्ही दोन पावले मागे सरलो. बावीस इंची पट्टी, दोन घोटांचे इंजिन, पेट्रोलमध्ये ठरल्या प्रमाणात तेल मिसळावयाचे, दोरी ओढून सुरू करावयाचे. वजन पाच-सहा किलो. दुकानदाराने ते दुकानासमोरच सुरू करून दाखविले. समोरच्या कट्ट्यावरील कुत्रे उठून गेले. दुकानदाराचे म्हणणे एकच होते : मोठे घेतले की लहान कामही होते. हे वाक्य बैलजोडीलाही लागू पडते की काय, कोण जाणे. परसातल्या वाफ्यात कोणी बैल घालीत नाही एवढे आम्हांस ठाऊक आहे.

खरेदी तशीच ठेवून आम्ही सौंसरची बस धरली. दोन्ही अंगांना बागा, मध्येच कपाशीची उलंगलेली शेते. सौंसरजवळ जामसांवळीचा मारुती आहे. हा मारुती उभा नाही, पहुडलेला आहे. लांबूनच हात जोडले आणि गावात पंप-मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. हा आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा नातलग. त्याने आमचे सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “लाकूड कितलं जाड हाय, थे सांगा आंदी.”

शिबिरातील जळणाचे उत्तर सोपे होते : मनगटाएवढे, फार तर पोटरीएवढे. “मंग मशीन काहाले पायजे?” तो म्हणाला. त्याने एक घडीची हातकरवत काढली. पात सुमारे फूटभर, दाते ओढताना कापणारे, मिटली की धार मुठीत लपते. मनगटाएवढी वाळकी बाभूळ ती पाहता पाहता कापते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती ती निर्धास्त देता येईल असे नाही. पण ती मुलाच्या हाताच्या जोरापलीकडे धावत नाही, हात थांबला की थांबते. यंत्राचे तसे नसते. साखळीच्या करवतीची पट्टी पुढे जेथे वळते, त्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की दात अडकतात आणि सगळी पट्टी उसळून कापणाऱ्याच्या तोंडाकडे येते. हे डोळ्यांची पापणी लवायच्या आत घडते. मोठ्या यंत्रांना यासाठी पुढे एक आडवा ब्रेक असतो. स्वस्तातल्या छोट्या यंत्रांना पुष्कळदा तो नसतो. तेव्हा शिबिरासाठी हातकरवती दोन, हा निर्णय पाच मिनिटांत झाला. राखीव जंगलात उभे झाड किंवा फांदी तोडणे 1927 च्या वन कायद्याने मना आहे. मुलांना ते आम्ही दरवर्षी सांगतो आणि जळण विकत घेऊन जातो, म्हणून अधिक शक्तीचे काही लागतही नव्हते.

आता बंधूंचे काम. संत्र्याच्या बागेत डिसेंबरात करवत लागते ती सल काढायला. सल म्हणजे झाडावर वाळून गेलेल्या फांद्या. आंबिया बहाराची फळे उतरली की त्या काढाव्या लागतात. नाही तर रोग त्यांतच घर करतो. सल बहुधा अंगठ्याएवढी, क्वचित मनगटाएवढी. त्यासाठी कारागिराने बॅटरीवर चालणारी सहा इंची पट्टीची छोटी करवत दाखविली. तिचे वजन हाताला जाणवले नाही. डब्यावर ‘48’ असा आकडा मोठ्या अक्षरांत छापला होता. तो हसला. आत पाच सेल आहेत, एकेक सेल भरल्यावर चार-सव्वाचार व्होल्टचा, म्हणजे सगळे मिळून एकवीस. बाकीचे छापखान्याचे व्होल्ट, असे त्याने सांगितले. आमच्या गणिताच्या शिक्षकांना हे उदाहरण आम्ही देणार आहोत.

पुढे त्याने जे दाखविले ते कोणत्याही दुकानात कोणी दाखवीत नाही. साखळी बोटाने खाली ओढून सोडली की ती पट्टीला परत चिकटली पाहिजे आणि तरी हाताने सहज सरकली पाहिजे. सैल असेल तर निसटते, घट्ट असेल तर पट्टी जाळते. या छोट्या करवतींत तेल आपोआप येत नसेल तर दर थोड्या वेळाने दोन थेंब हाताने घालावे लागतात. भुसा चुऱ्यासारखा बारीक पडू लागला की धार गेली असे समजावे आणि गोल कानस फिरवावी. शिवाय सुटी साखळी व दुसरी बॅटरी गावात मिळते ना, हे आधी पाहावे. न मिळाल्यास यंत्र खुंटीला टांगायचे. आणि दोन्ही हातांनी धरायची. एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने करवत चालविणाऱ्यांची बोटे आपण पाहिली आहेत, असे तो सहज म्हणाला.

पैसे देण्यापूर्वी बंधूंना विचारावे म्हणून आम्ही फोन लावला. “लाकूड किती जाड, दादा?” पलीकडून काही वेळ उत्तर आले नाही. मग ते म्हणाले, “वीतभर. थोडं जास्तच.”

वीतभर जाडीची सल नसते. तो बुंधा असतो. साखळीची करवत बंधूंना कशासाठी हवी होती, ते तेव्हा आमच्या ध्यानात आले. विहिरीकडच्या अंगाला वडिलांनी 1994 साली स्वतः खड्डे खणून लावलेली एक्केचाळीस झाडे आहेत. डिंक्या रोगाने त्यांतली बरीच खंगली होती. बंधू ती सगळीच ओळ काढून टाकणार होते, आणि हे आम्हांला सांगावयाचे नव्हते.

आम्ही छोटी करवत घेतली आणि संध्याकाळी घरी पोहोचलो. यंत्राचा डबा पाहून बंधू एवढेच म्हणाले, “यानं काय होते?” रात्री जेवताना तो विषय निघाला नाही. वहिनींनी मात्र ताट वाढताना आमच्याकडे दोनदा पाहिले.

सकाळी बागेचा जुना गडी आला. तो बंधूंच्याच वयाचा; वडिलांबरोबर ते खड्डे खणताना तोही होता. तो एकेका झाडाजवळ जाऊन नखाने साल खरवडू लागला. आत हिरवे दिसले की पुढे जाई. तपकिरी, कोरडे दिसले की बुंध्याला सुतळी बांधी. बंधू आधी ओट्यावर बसून होते, मग उठून त्याच्यामागून चालू लागले, आणि एका झाडापाशी दोघांचा वाद झाला. गडी म्हणे मेले, बंधू म्हणत नाही. शेवटी सुतळ्या मोजल्या : सतरा. चोवीस झाडे जिवंत होती.

सतरा झाडांसाठी मोठी करवत लागणारच होती. पण ती विकत घेण्याची गरज नव्हती. भाड्याने येणारा माणूस यंत्रासह एका दिवसात ती काढून जातो. उरलेल्या चोविसांची सल आम्ही तिघांनी काढावयास घेतली. वाळकी फांदी जेथे संपते तेथे न कापता दोनेक सेंटिमीटर हिरव्या भागातून कापायची. फांदी जड असली तर आधी खालून थोडा काप, मग थोडे पुढे वरून, आणि शेवटी उरलेला खुंट. नाही तर फांदी पडताना बुंध्याची साल सोलून नेते आणि रोगाला दार उघडते. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पाते जंतुनाशकाने पुसायचे. कापलेल्या जागी बोर्डो मलम : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. लोखंडी भांडे चालत नाही, म्हणून वहिनींनी प्लॅस्टिकची जुनी बादली दिली.

करवत आम्ही खांद्याच्या उंचीपर्यंतच चालवायची असे ठरविले. त्यावरच्या फांद्यांसाठी गड्याने बांबूला हातकरवत बांधली आणि तिघेही जमिनीवर राहिलो. बॅटरी तासाभरात बसली, दुसरी लावली. दुपारपर्यंत सात झाडे झाली. बंधूंच्या मोडलेल्या मनगटाला यंत्राची थरथर सोसेना, तेव्हा ते मलम लावू लागले. प्रत्येक कापावर ते कुंचला दोनदा फिरवीत, आणि न दिसणाऱ्या एखाद्या कापासाठी झाडाभोवती पुन्हा एक फेरी मारीत.

शिडी गोठ्याच्या भिंतीला टेकलेली होती. निघण्याच्या दिवशी आम्ही ती गड्याकरवी त्याच्या घरी पोहोचती केली. बंधूंनी ती अजून परत मागविलेली नाही, असे वहिनी फोनवर सांगतात.