आठवणीतला भाव

सोयाबीन आज विकावे की ठेवावे, हा प्रश्न सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील जळकोट आणि तुळजापूर तालुक्यातील आसपासच्या गावांत दर दिवाळीच्या सुमारास घरोघर उभा राहतो. वरवर पाहता तो निव्वळ बाजारभावाचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात मात्र त्याचे उत्तर मोंढ्यात निघालेल्या भावाइतकेच शेतकऱ्याच्या मनात आधीपासून ठाण मांडून बसलेल्या एका आकड्यावर अवलंबून असते.

डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार माणूस नफा-तोटा मोजतो तो आपल्या एकूण संपत्तीच्या हिशेबाने नव्हे, तर मनाशी धरलेल्या एखाद्या आकड्याच्या तुलनेत. या आकड्याला संदर्भबिंदू म्हणतात. या बिंदूच्या खाली आलेली रक्कम तोटा म्हणून बोचते, त्या तोट्याची बोच तेवढ्याच नफ्याच्या समाधानापेक्षा जवळपास दुपटीने तीव्र असते, आणि एरवी सावधपणे वागणारा माणूसही असा तोटा पक्का करण्यापेक्षा जोखीम पत्करून थांबणे पसंत करतो. भाव पडलेले शेअर गुंतवणूकदार विकायला धजत नाहीत, ही प्रवृत्ती हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये याच सूत्राने उलगडून दाखवली.

मराठवाड्यातील सोयाबीनचा संदर्भबिंदू २०२१ साली ठरला. त्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला लातूरच्या बाजारात क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर भाव निघाला, तेव्हा बहुतेक शेतकऱ्यांचा माल कधीच विकला गेलेला होता. आणि नवे पीक येईपर्यंत सोयापेंडीच्या आयातीला परवानगी मिळाली, खाद्यतेलावरील आयातशुल्क घटले आणि भाव जवळपास निम्म्यावर आला. म्हणजे ज्या भावाशी पुढची कित्येक वर्षे तुलना होत राहिली, तो बहुतेकांच्या विक्रीच्या पट्टीवर कधी चढलाच नव्हता, फक्त कानावर आला होता. शिवाय त्या हंगामात ज्यांनी माल धरून ठेवला, त्यांना २०२२ च्या पूर्वार्धात ७,००० च्या वर भाव मिळाला, आणि थांबण्याचे हे एकदाच मिळालेले फळ पुढच्या पडत्या वर्षांतही थांबायला पुरेसे बळ देत राहिले. २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर असताना बाजार त्याखालीच राहिला, तरी कट्ट्यांच्या थप्प्या अनेक घरांतून हलल्या नाहीत.

रिचर्ड थेलर यांनी ज्याला मानसिक हिशेब म्हटले, तो इथे दिसतो. माणूस सगळा पैसा एकाच वहीत न मांडता मनातल्या वेगवेगळ्या खात्यांत ठेवतो. म्हणून माजघरातील कट्टे शिल्लक म्हणून गणले जातात आणि कृषी सेवा केंद्रातील उधारी दुसऱ्या खात्यात पडते, वास्तविक ती उधारी फेडता येईल एवढा पैसा त्याच कट्ट्यांत अडकलेला असतो. समजा, ४,६०० रुपयांचा क्विंटलभर माल आठ महिने ठेवला, शेकडा एक रुपया महिना या दराने व्याज धरले आणि ओल उडून दोन टक्के वजन घटले, तर नुसती बरोबरी साधायलाही ५,०७० च्या घरात भाव मिळावा लागतो. हा आकडा पट्टीवर कुठेच लिहिलेला नसतो, आणि जो खर्च हातातून रोख जात नाही, तो मनाला खर्च वाटत नाही.

या वागण्याला हाव किंवा अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. ही मनाची घडण शहरातल्या शिकलेल्या गुंतवणूकदाराचीही आहे, आणि शेतकऱ्याच्या बाबतीत तर घामाचे मोल मागण्याचा न्याय्य आग्रहही तिच्यात मिसळलेला असतो. शिवाय थांबण्याची मुभा सर्वांना नसते. ज्याच्या दारात घेणेकरी उभा आहे, त्याचा माल खळ्यावरूनच मोंढ्यात जातो, मग मनात कोणताही आकडा असो.

म्हणून उपाय उपदेशात नाही, निर्णयाची रीत बदलण्यात आहे. पेरणीच्या वेळी, म्हणजे भावाची धग मनाला लागण्याआधीच, किती माल काढणीला, किती संक्रांतीला आणि किती उन्हाळ्यात विकायचा हे ठरवून ठेवले, तर एकाच सौद्यात सगळे हरल्याची भावना टळते. राज्याच्या कृषी पणन मंडळाची १९९०-९१ पासून चालत आलेली शेतमाल तारण कर्ज योजना गोदामातील मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी देते. तिचा मोठा गुण असा, की थांबण्याला मुदत मिळते आणि थांबण्याची किंमत कागदावर स्पष्ट दिसते. भाव ठरवणे शेतकऱ्याच्या हाती नाही, आणि आयात-निर्यातीच्या धोरणाची जबाबदारी मानसशास्त्राच्या आड लपवता येणार नाही. पण आजच्या भावाची तुलना कशाशी करायची, २०२१ च्या ऐकीव उच्चांकाशी की आपल्या उत्पादनखर्चाशी, हे ठरवणे मात्र त्याच्या हाती आहे, आणि गावोगावच्या शेतकरी गटांनी आपल्या बैठकांत सर्वांत आधी हाच हिशेब मांडायला हवा.